उंदीर दोघंही खातात, दगड मात्र खोकडालाच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही दिवस आमच्या इकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक जुना फोटो परत फिरायला लागलाय. गरुडाने कोल्ह्याला हवेत उचललंय, कोल्ह्याच्या तोंडात ससा आहे आणि खाली 'नाद खुळा', 'आभाळाचा राजा तो राजाच' अशा कमेंटांचा पाऊस. फोटो खरा आहे, बनावट नाही. 2018 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सॅन वान बेटावर तो काढलेला आहे. पण त्या गरुडाला कोल्हा नकोच होता, त्याला ससा पाहिजे होता. कोल्ह्याच्या पिल्लाने तोंडातला ससा सोडला नाही म्हणून तेही सशाबरोबर वीसेक फूट वर गेलं, काही सेकंदांनी गरुडाने ससा ओढून घेतला आणि पिल्लू खाली पडलं, अंग झाडून निघून गेलं, त्याला काही लागलं नाही. एवढंच घडलं होतं. आणि इकडे आमच्या ग्रुपवर त्याचा निकाल लागला की गरुड जिंकला आणि कोल्हा हरला.

आपल्या कोल्हापुरात कशाचीही खासबागेतल्या कुस्तीसारखी जोड लावायची सवय आहे, हा भारी का तो भारी. शिकारी पक्षी आणि कोल्हा यांचीही तशीच लावली जाते आणि त्यात आभाळातल्याला फेटा आणि जमिनीवरच्याला शिव्या, हे ठरलेलं. माझं म्हणणं असं आहे की आपल्या शिवारात हे दोघं एकमेकांसमोर कधी येतच नाहीत. एक उजेडात फिरतो, दुसरा अंधार पडल्यावर निघतो, आणि दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं, ते म्हणजे उंदीर. तुलना करायचीच असेल तर आपल्या रानातल्या दोघांची करूया आणि नीट बघून करूया. पत्र लांबलंय, पण शक्य झालं तर पूर्ण छापा ही विनंती.

आधी कोण कोण ते सांगतो, कारण इथंच घोळ होतो. उसाच्या फडातून रात्री ज्याची कोल्हेकुई ऐकू येते तो कोल्हा, आठ-दहा किलोचा, कुत्र्याच्या अंगलटीचा. मी ज्याच्याबद्दल लिहितोय ते खोकड, तो वेगळा प्राणी. अंगाने मांजरापेक्षा थोडं मोठं, वजन दोन-तीन किलो, काटकुळे पाय, टोकदार तोंड, डोक्याच्या मानाने मोठे कान आणि झुपकेदार शेपटी. शेपटीचं टोक काळं असतं, तेवढी एक खूण लक्षात ठेवली की पुन्हा चूक होत नाही. ते दाट जंगलात राहत नाही आणि उसातही फारसं राहत नाही, त्याला उघडं माळरान लागतं. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला राधानगरी, शाहूवाडीकडे पावसाचं दाट रान आहे, ते त्याच्या कामाचं नाही. पूर्वेकडचा कोरडा पट्टा, हातकणंगले, शिरोळ, कागलकडचे माळ आणि त्यांच्या कडेची कोरडवाहू शेतं, ही त्याच्या राहणीची जागा.

पक्ष्यांत मी मुद्दाम गरुड घेत नाही, कापशी घेतो. गरुड बघायला पन्हाळ्याकडे नाहीतर घाटात जावं लागतं, कापशी घराबाहेर पडलं की दिसते. कावळ्यापेक्षा थोडी लहान, अडीचशे-तीनशे ग्रॅम वजन, पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, खांद्यावर काळा पट्टा आणि डोळे लालभडक. डीपीच्या खांबावर नाहीतर तारेवर बसून शेपटी वर-खाली करत असते. लोक तिला 'पांढरी घार' म्हणतात आणि बहुतेक जण तिच्याकडे बघतही नाहीत, कारण ती आरडाओरडा करत नाही आणि कोणाचं काही नेत नाही.

आता दोघांचं काम बघा. कापशी शेताच्या वर पंचवीस-तीस फुटांवर एका जागी पंख फडफडवत थांबते, डोकं मात्र जागचं हलत नाही, पाय खाली सोडलेले. मग एक पायरी उतरल्यासारखी थोडी खाली येते, परत थांबते, परत थोडी खाली येते आणि शेवटी पंख वर उचलून सरळ गवतात. शिकारी पक्ष्यांचे डोळे खोबणीत जवळजवळ घट्ट बसलेले असतात, आपल्यासारखी बुबुळं फिरवता येत नाहीत, म्हणून त्यांना मान फिरवून बघावं लागतं. (ते 'गरुडाची नजर माणसाच्या आठपट' वगैरे जे फॉरवर्ड होतं ते वाढवून सांगितलेलं आहे. जी मोजली गेली आहे ती गरुडाची नजर आपल्या अडीच पटीच्या आसपास तीक्ष्ण भरते, आणि अडीच पट म्हणजे काही कमी नाही.)

खोकडाचं काम कानावर चालतं. अंधार पडला की ते बिळातून बाहेर येतं, थोडं चालतं, थांबतं, मान वाकडी करून ऐकतं, मातीत किडा जरी खुसखुसला तरी कान तिकडे वळतो. मग पुढचे दोन्ही पाय जोडून उडी आणि उंदीर पायाखाली. चेक देशात 2011 साली तांबड्या कोल्ह्यांचा एक अभ्यास झाला, उंच गवतात किंवा बर्फात, समोरचं काही दिसत नसताना ते ईशान्येकडे तोंड करून उडी मारतात तेव्हा चारातल्या जवळपास तीन उड्या यशस्वी होतात आणि इतर बऱ्याच दिशांना हे प्रमाण लई कमी असतं, आणि यामागे पृथ्वीच्या चुंबकत्वाचा काही उपयोग ते करत असावेत असा त्या संशोधकांचा अंदाज. ते कोल्हे वेगळे, आपलं खोकड वेगळं, पण एवढ्याशा डोक्यात केवढी बुद्धी भरलेली असते हे त्यातून कळतं. आणि आपण त्याला काय म्हणतो, तर लबाड.

मला सगळ्यात जास्त पटलेला पुरावा तो जमिनीवर पडलेला असतो. कापशी ज्या बाभळीवर बसते तिच्या बुडाशी करड्या रंगाच्या गोळ्या सापडतात, अंगठ्याएवढ्या, वजनाला अगदी हलक्या, म्हणजे न पचलेली उंदराची लव तिने तोंडावाटे टाकलेली असते. काडीने उकलली की केसांत कधी एखादं बारकं हाडूक, कधी नाकतोड्याचा पाय मिळतो. खोकडाची विष्ठा माळावर दगडावर नाहीतर पायवाटेच्या मधोमध असते, वाळल्यावर फोडून बघितली तर बोराच्या बिया, भुंग्यांच्या पंखांचे हिरवे-काळे चमकणारे तुकडे, वाळवीची डोकी आणि परत उंदराचेच केस. दोघांच्या जेवणाचा हिशोब दोघांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलाय, आपण फक्त वाकून वाचायचा. ज्यांना वाटतं खोकड म्हणजे शेतकऱ्याचा शत्रू त्यांनी एकदा माळावर जाऊन हे बघावं, घाण वाटत असेल तर काडी घ्यावी, पण बघावं.

ऊस करणाऱ्याला उंदराचं काय सांगायचं. बुडात कुरतडलेला ऊस आडवा होतो, आडव्या उसाला डोळे फुटतात, वजन जातं आणि साखरेचा उतारा जातो. शेतातला काळा उंदीर तीन आठवड्यांत वितो, एका वेताला सहा-आठ पिल्लं. माणसाने कितीही पिंजरे लावले तरी एवढ्या वेगाशी माणूस पुरा पडत नाही. दिवसा कापशी आणि शिक्रा, संध्याकाळनंतर गव्हाणी घुबड, रात्रभर खोकड, फडात कोल्हा आणि बिळात धामण, हे सगळे मिळून कुठे तो वेग थोडा आवरतात. यातला एक जरी काढला तरी त्याची पाळी दुसरा करू शकत नाही. कापशीला रात्री दिसत नाही आणि खोकडाला वीस फुटांवरून शेत बघता येत नाही.

पण मान मात्र एकालाच. आपल्या अंबाबाईच्या देवळात गरुड मंडप आहे, गरुड विष्णूचं वाहन, तांबूस घार दिसली की जुनी माणसं हात जोडतात, आणि 'घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलांपाशी' हे तर लहानपणापासून ऐकलेलं. कोल्ह्याच्या वाट्याला काय, तर कोल्हा काकडीला राजी, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. पिलांपाशी चित्त खोकडाचंही असतं. नर-मादी जोडीने राहतात, हिवाळ्यात जोडी जमते, पन्नासेक दिवसांनी, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान दोन ते चार पिल्लं होतात आणि नरसुद्धा बिळाजवळ राखण करतो, खाणं आणतो. कापशीतही तेच, मादी घरट्यावर बसते आणि नर उंदीर आणून देतो. इतकं सारखं असूनसुद्धा एकाची ओवी झाली आणि दुसऱ्याची थट्टा.

कोंबड्यांचं म्हणाल तर मान्य आहे, खोकड संधी मिळाली तर पिल्लू उचलतं, कधी कोंबडीही. पण घारही उचलते ना. घारीने अंगणातलं पिल्लू नेलं की आया-बाया हात वर करून दोन शिव्या देतात आणि दुपारपर्यंत विसरून जातात, तेच खोकडाने नेलं की दुसऱ्या दिवशी चार पोरं काठ्या-कुत्री घेऊन माळावर आणि बिळात पाचट पेटवून धूर. खुराड्याला नीट जाळी आणि रात्री कडी, एवढ्याने हा प्रश्न सुटतो. मेंढरावर वगैरे तर ते जातच नाही, दोन-तीन किलोचं जनावर मेंढराला काय करणार. मक्याची कणसं किंवा ऊस चघळतो तो कोल्हा आणि त्याचंही नुकसान उंदराच्या मानाने किती ते शेतकऱ्याने स्वतः मोजून बघावं.

अंधश्रद्धेचा मुद्दा राहूनच जात होता. 'कोल्ह्याचं शिंग' म्हणून केसाळ गाठी यात्रेत, बाजारात अजून विकल्या जातात, तिजोरीत ठेवा, बरकत येईल म्हणून. जगातल्या कुठल्याही कोल्ह्याला शिंग नसतं. ते कातडं आणि केस गुंडाळून बनवलेलं असतं आणि त्यासाठी जनावर मारलेलं असतं. इकडे दिवाळीच्या आसपास घुबडांवर हीच वेळ येते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने खोकड, कोल्हा, कापशी, घुबड या सगळ्यांना संरक्षण आहे, पकडणं आणि मारणं जसा गुन्हा तसाच त्यांच्या अवयवांचा धंदा करणंही गुन्हा. शिकल्या-सवरल्या घरांतही ही शिंगं निघतात याचं फार वाईट वाटतं.

आता या दोघांतला जो खरा फरक मला अस्वस्थ करतो तो सांगतो. कापशीला पंख आहेत. एका गावात उंदीर कमी झाले तर ती दुसऱ्या गावात जाते, उंदीर वाढले तिथं जमते, बाभळीवर काड्यांचं विरळ घरटं बांधते, वर्षात कुठल्याही ऋतूत अंडी घालते. शेती वाढली तरी तिचं फारसं अडत नाही, उलट तारा-खांब तिला बसायला उपयोगी पडले. खोकड मात्र बिळाला बांधलेलं आहे. एकच बीळ वर्षानुवर्षं वापरतात, तोंडं वाढत जातात, एखाद्या जुन्या बिळाला पाच-सहा वाटा असतात. बिळासाठी कोरडी आणि निचऱ्याची जमीन लागते. जिथं बारमाही पाणी आलं आणि ऊस झाला तिथं माती ओलीच राहते, बीळ टिकत नाही. त्यामुळे माळ संपला की खोकड संपलं. जेसीबी आला की कापशी उडून जाते आणि खोकडाची पिल्लं मातीखाली जातात. सरकारी कागदावर माळाला 'पडीक' म्हणतात आणि पडीक म्हटलं की ते भरायचं, सपाट करायचं, प्लॉट पाडायचे हे आलंच.

माळ पडीक कधीच नव्हता. संस्थानकाळात कोल्हापूरचे शिकारीचे चित्ते देशभर प्रसिद्ध होते, चित्ते सोडून काळविटांची शिकार व्हायची, म्हणजे काळविटांचे कळप पोसतील एवढं गवत इथं होतं. आजही हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी दख्खनच्या माळांवर उतरतात, दिवसभर नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर थव्याने मुक्काम करतात. त्यांना झाड नको, गवत पाहिजे. म्हणून पावसाळ्यात उत्साहाने माळावर खड्डे काढून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावणाऱ्या मंडळांना कळकळीने सांगावंसं वाटतं की तुमची भावना चांगली आहे, पण झाडं गावात लावा, ओढ्याकाठी लावा, रस्त्याकडेला लावा. गवताळ माळावर झाडं लावणं म्हणजे खोकडाचं, भोवत्याचं आणि चंडोलाचं घर मोडणं आहे.

आणि विष. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. लावणीनंतर आणि तोडणीच्या आधी उंदरासाठी औषध टाकलं जातं, काळी पावडर नाहीतर केक. काळी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाईड, पोटात गेलं की त्याचा विषारी वायू होतो. उघड्यावर टाकलेलं आमिष उंदरानेच खावं असा काही नियम नाही, कुत्रं खातं, मोर-तितर खातात, खोकडही हुंगत हुंगत येतं. केकातलं ब्रोमॅडिओलोन त्याहून फसवं आहे. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, रक्त गोठायचं बंद होऊन चार-पाच दिवसांत आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. त्या चार-पाच दिवसांत तो सुस्त होतो, दिवसाढवळ्या उघड्यावर येतो, आणि असा उंदीर पकडणं कापशीला, घुबडाला, खोकडाला सगळ्यात सोपं. विष उंदराच्या पोटातून त्यांच्या पोटात जातं. एखादं घुबड बांधावर मरून पडलेलं दिसतं, अंगावर जखम नाही, चोचीत रक्त, आणि लोक म्हणतात म्हातारं झालं असेल.

मग काय होतं? उंदीर दोन महिन्यांत परत वाढतात, कारण ते तीन आठवड्यांत वितात. कापशी आणि खोकड तेवढ्या वेगाने वाढत नाहीत, खोकडाला तर वर्षातून एकदाच पिल्लं. पुढच्या हंगामात उंदीर जास्त आणि त्यांना खाणारे कमी, म्हणून औषध आणखी जास्त. दुकानदाराचा धंदा होतो, शेतकऱ्याच्या हातात काही राहत नाही. त्यात रानडुकरासाठी सोडलेला करंट, मढ्यात घातलेलं थायमेट नावाचं कीटकनाशक (विक्रीला बंदी येऊन काही वर्षं झाली तरी जुना साठा कुणाकुणाच्या गोठ्यात असतोच), हे कोण खातंय ते बघत नाही. मढ्यावर घार उतरते आणि रात्री खोकड येतं, दोघांनाही सारखंच.

विषाचा परिणाम किती लांब जातो याची एक खरी गोष्ट सांगतो, ती परत शिकारी पक्षी आणि कोल्ह्याचीच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ चॅनल बेटं आहेत, तिथं मांजराएवढा एक कोल्हा राहतो, जगात दुसरीकडे कुठंच नाही. 1990 नंतर तो अचानक संपायला लागला. सॅन मिगेल आणि सांता रोझा या दोन बेटांवर तर 2000 पर्यंत प्रत्येकी 15 कोल्हे उरले. सोनेरी गरुड त्यांना उचलत होते. वरवर बघितलं तर आपल्या व्हॉट्सॲपवरच्या कमेंटाच खऱ्या, गरुड जिंकला. पण हे सोनेरी गरुड आधी त्या बेटांवर राहत नव्हते. तिथं पांढऱ्या डोक्याचे गरुड होते, ते मुख्यतः मासे खायचे आणि सोनेरी गरुडांना टिकू द्यायचे नाहीत. डीडीटी समुद्रात गेलं, माशांत गेलं, त्यामुळे या गरुडांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, अंडी बसल्या बसल्या फुटायला लागली आणि ते नाहीसे झाले. त्यात माणसाने आणलेली डुकरं रानटी झालेली, त्यांच्या पिल्लांवर सोनेरी गरुड येऊन पोसले आणि जाता जाता कोल्हे संपवू लागले. डीडीटी बनवणाऱ्याच्या डोक्यात कोल्हा नव्हता, डुकरं आणणाऱ्याच्याही नव्हता.

तिथल्या लोकांनी मग गरुडांना गोळ्या घातल्या नाहीत. सोनेरी गरुड जिवंत पकडून लांब मुख्य भूमीवर नेऊन सोडले, 2002 पासून पांढऱ्या डोक्याचे गरुड परत आणून वसवले, डुकरं काढली, कोल्ह्यांची पिंजऱ्यात पैदास करून बेटावर सोडले. 2016 साली तीन बेटांवरचे कोल्हे धोक्याच्या यादीतून बाहेर काढले. कोल्हा वाचवायला गरुड परत आणावा लागला, हे मी वाचलं तेव्हापासून 'गरुड भारी का कोल्हा' या प्रश्नाला मला काही अर्थ वाटत नाही.

आपल्याकडेही असंच झालंय, फक्त आपण दोन टोकं जोडून बघत नाही. गिधाड हाही शिकारी पक्ष्यांच्याच कुळातला. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे, मेलेल्या गुराच्या मांसातून ते पोटात जाऊन, देशातली गिधाडं नव्वद टक्क्यांच्या वर संपली, 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली पण तोपर्यंत उशीर झाला होता. गावाबाहेर टाकलेली मढी कुत्र्यांना मोकळी झाली. आज माळावर खोकडाच्या मागे लागतात ती गावाबाहेरच्या कचऱ्यावर आणि मढ्यांवर पोसलेली कुत्र्यांची टोळकी, पिल्लं फाडतात आणि रेबीज, डिस्टेंपर सारखे रोग खोकडाला देतात. वरचा पक्षी गेला आणि त्याचा मार खालच्या खोकडाला बसला.

म्हणून काही विनंत्या आहेत. शेतकरी बांधवांना पहिली, या वर्षी तरी केक आणि पावडर शेतात उघड्यावर टाकू नका. बांध साफ आणि अरुंद ठेवा, पिंजरे लावा, आणि शेजारचे चार-पाच जण मिळून एकाच आठवड्यात लावा, एकट्याने लावून उपयोग होत नाही, उंदीर बांध ओलांडून येतो. शेतात 'टी' आकाराचे पक्षीथांबे उभे करा, आडव्या काठीचे, पिकापेक्षा उंच. लावण लहान असताना आणि खोडव्यात त्यावर दिवसा कापशी बसेल आणि रात्री घुबड, खर्च काठीचा आणि सुतळीचा. माळावर बीळ दिसलं आणि तोंडाशी ताजी माती, बारीक पावलं, हाडकं दिसली तर फेब्रुवारी ते मे तिकडे कुत्री नेऊ नका आणि पाचट पेटवताना तेवढी कड सोडा. पाचट पेटवूच नये हे तर कृषी अधिकारी सांगून थकले, कुजवलं तर जमिनीलाच खत होतं.

ग्रामपंचायतींना विनंती, गायरानाचा थोडा तरी तुकडा गवत म्हणून राहू द्या. मुरूम काढायला देण्याआधी तिथं बिळं आहेत का एवढं कुणाला तरी पाठवून बघा. मेलेली जनावरं उघड्यावर टाकू नका, पुरा, म्हणजे कुत्री पोसली जाणार नाहीत.

आणि संपादक साहेब, एक विनंती आपल्यालाही. उसात कोल्ह्याची पिल्लं सापडली की पेपरात 'परिसरात घबराट', 'कोल्ह्याची दहशत' असे मथळे येतात आणि सोबत फोटो छापला जातो तो बर्फातल्या परदेशी तांबड्या कोल्ह्याचा. तो प्राणी कोल्हापुरात नाही. वाचणाऱ्याला आपल्या माळावरचं खोकड कसं दिसतं हे कधी कळतच नाही, मग ते रस्ता ओलांडताना दिसलं की बिबट्याचं पिल्लू म्हणून व्हिडिओ व्हायरल होतो आणि मागे जमाव लागतो. फोटो खोकडाचा छापा, शेपटीचं काळं टोक दिसेल असा. शेजारी कापशीचा छापा. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी एक चौकट द्या, पिल्लं सापडली तर हात लावू नका, तोडणी तेवढी बाजूने फिरवा, आई रात्री येऊन पिल्लं दुसरीकडे हलवते, आणि जखमी पक्षी किंवा प्राणी दिसला तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाईनवर फोन करा. ती चौकट तोडणीच्या टोळ्यांपर्यंत पोचेल असं बघा, त्यांतली बरीच माणसं बीड-नगरकडची असतात आणि पेपर त्यांच्या खोपीपर्यंत जात नाही. कारखान्यांच्या गट ऑफिसात तिचं कात्रण लावलं आणि मुकादमांना वाचून दाखवलं तरी काम होईल. आमच्या गावात ते कात्रण मी स्वतः नेऊन लावीन.

आपला,
एक नियमित वाचक
ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर